मुकादमचं यकृत

सोनोग्राफीच्या पडद्यावर यकृत आलं आणि ते हवं त्यापेक्षा उजळ आहे हे दिसल्यावर तिनं आधी मशीनवर संशय घेतला. हा तिचा जुना शिरस्ता. माणसानं स्वतःवर संशय घेण्याआधी यंत्रावर घ्यावा, आणि यंत्रावर घेण्याआधी सकाळच्या पाळीत ते वापरून गेलेल्या माणसावर. सकाळच्या शहाण्यानं उजेडाचं बटण वर सारून तसंच ठेवलं असणार. उजेड वाढवला की धडधाकट कुत्र्याचं यकृतसुद्धा मरणपंथाला लागल्यासारखं दिसतं. तिनं बटण खाली आणलं. पडदा काळवंडला, मूत्रपिंड काळवंडलं, प्लीहा काळवंडली, पण यकृत काही आपला हेका सोडेना. नियम साधा आहे, पहिल्या वर्षाच्या मुलांनाही पाठ असतो: प्लीहा सगळ्यांत उजळ, तिच्या खालोखाल यकृत, मग मूत्रपिंड. भावंडांना उंचीप्रमाणे उभं करावं तसं. इथं मधल्यानंच टाचा उंचावून थोरल्याच्या वर डोकं काढलं होतं. आणि नुसतं उजळ नव्हे, फुगलेलंही. एरवी बरगड्यांच्या आत कडा धारदार ठेवून बसणारं यकृत ऐसपैस बाहेर आलं होतं आणि त्याच्या कडा गोल झाल्या होत्या. कुत्र्याच्या प्रत्येक श्वासाबरोबर ते पडद्यावर पुढं सरकत होतं, मागं जात होतं, पुन्हा पुढं येत होतं.

"काय दिसतंय?" बाबांनी विचारलं.

"अजून बघतेय."

हे 'अजून बघतेय' तिच्या तोंडात इतकं बसलं होतं, की घरी दूध नासलंय का असं कुणी विचारलं तरी ती तेच म्हणायची. म्हणूनच तर तिच्या खोलीत कुत्र्याच्या मालकाला प्रवेश नव्हता. मालक पडदा बघत नाहीत, पडद्यातलं त्यांना कळत नाही. ते तिचा चेहरा बघतात. भुवई हलली की त्यांच्या डोळ्यांत पाणी. म्हणून तिनं वर्षानुवर्षं घासून घासून चेहरा पाटीसारखा कोरा करून टाकला होता, आणि तरीही दार लावून घ्यायची. पण मुकादम बाबांशिवाय टेबलावर राहीना. बाबांच्या बिल्डिंगमध्ये कोण किती वाजता येतो-जातो यावर देखरेख ठेवायचा म्हणून त्याला मुकादम म्हणायचे. तो गुडघ्याएवढा तांबूस, म्हातारा, पोट सुटलेला कुत्रा आता फोमच्या खोबणीत पाठीवर पडला होता, पोटावरचे केस काढलेले, कातडीवर जेलचा गार थर. मदतीच्या मावशींनी त्याचे पाय धरले होते. बाबांनी त्याच्या हनुवटीखाली तळवा ठेवला होता. आणि त्या अर्धवट अंधारात, पडद्याच्या निळसर उजेडात, बाबा तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

बाबांना उद्या सकाळी ऑपरेशनसाठी जायचं होतं. ऑपरेशन हर्नियाचं, म्हणजे तसं काही डोंगराएवढं नाही. दादा संध्याकाळपर्यंत पोचणार होता, तो बाबांबरोबर राहणार, आणि मुकादम तिच्याकडे. असं सगळं ठरलेलं असताना मुकादमनं आठवडाभर खाणं टाकलं. पाणी प्यायचा, ओकायचा, कोपऱ्यात पडून राहायचा. रक्त तपासलं तर यकृताचे सगळे आकडे चढलेले. "म्हातारपण आहे हो," तिच्याच जनावरांच्या दवाखान्यातला खालच्या मजल्यावरचा डॉक्टर म्हणाला होता, "पण तुम्ही एकदा वर नेऊन पोट बघून घ्या." आणि आठवडाभर बाबांचंही खाणं असंच. ताटावर बसायचे, घास चिवडायचे, उठायचे. ती म्हणाली, काय होतंय? तर म्हणे, काही नाही, हा खात नाही तर माझ्याही घशाखाली उतरत नाही. तिला ते खरंच वाटलं होतं. आई गेल्यापासून दोघांचं दुखणंखुपणं सामायिकच होतं. एकाला शिंक आली की दुसरा नाक पुसायचा. ऑपरेशनची भीतीही असेल, असं तिनं दादाला फोनवर सांगितलं होतं, आणि दोघं भावंडं थोडं हसली होती, कारण बाबांना भीती वाटते ही कल्पनाच गमतीची होती. पाणीखात्यात बाबा गळती शोधायचे. रस्ता निजला की लोखंडी दांडा जमिनीला टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं, आणि जमिनीखाली नळ कुठं फुटलाय ते ऐकायचं. असा माणूस. तो कशाला भिणार.

तिनं प्रोब खाली सरकवला. मूत्रपिंडांच्या शेजारी दोन छोट्या ग्रंथी असतात, शेंगदाण्याच्या आकाराच्या. शरीराला संकटात तग धरायला लागणारं रसायन त्या तयार करतात. यकृत असं फुगून उजळलेलं असलं, कुत्रा असा ढेरपोट्या आणि घटाघट पाणी पिणारा असला, की या ग्रंथी वाढलेल्या मिळायच्या आणि निदान पक्कं व्हायचं. ग्रंथींनी रसायनाचा पूर आणला आणि यकृत त्यात बुडालं. तिनं डावी शोधली. सापडेना. पुन्हा शोधली. मुकादम कण्हला, मावशी म्हणाल्या, "गप रे राजा." मग सापडली, आणि तिला दचकायला झालं. ग्रंथी वाढलेली नव्हती. वाळून गेली होती. दोऱ्यासारखी बारीक, असून नसल्यासारखी. उजवीही तशीच. म्हणजे पूर होता, पण झरा आटलेला. याचा अर्थ एकच, आणि तो पुस्तकात ठळक टायपात छापलेला असतो: पाणी बाहेरून येत होतं. कुणीतरी या कुत्र्याला बाहेरून स्टेरॉइड देत होतं, रोज, आणि बरीच वर्षं. बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर ग्रंथींनी काम टाकून दिलं होतं.

कुणीतरी म्हणजे कोण. घरात होतं कोण.

"बाबा," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "मुकादमला कसल्या गोळ्या देता?"

"गोळ्या? जंताची देतो. ती तूच दिलेली."

"ती नाही. खाजेची. अंग खाजवतो म्हणून कुणी सांगितली असेल."

"कुणी काही सांगितलं नाही."

"दुकानदारानं दिली असेल. बरं वाटलं म्हणून तुम्ही चालू ठेवली असेल. बाबा, मी रागावत नाहीये. मला फक्त कळायला हवं."

"अगं, देतच नाही तर काय सांगू?"

रागावत नाहीये असं म्हणणाऱ्या माणसाचा आवाज जसा होतो तसाच तिचा झाला होता, हे मावशींना कळलं आणि त्यांनी मुकादमच्या पंजाकडे बघायला सुरुवात केली. तिलाही कळलं. पण गाडी उताराला लागली होती. ती म्हणाली, हे बघा, हे आपोआप होत नाही. पोटातली गोष्ट खोटं बोलत नाही. या कुत्र्याला कुणीतरी वर्षानुवर्षं औषध घातलंय आणि त्या घरात तुम्ही दोघंच राहता. बाबांनी मुकादमच्या हनुवटीखालचा हात काढला नाही. त्यांचा चेहरा एवढासा झाला. "मुकादमची शपथ," ते म्हणाले. "मी याला एक कणही दिलेला नाही." आणि ते खरं बोलत नाहीत अशी तिची त्या क्षणी बालंबाल खात्री होती, कारण पडद्यावर दोन वाळलेले दोरे होते, आणि आयुष्यात तिनं सगळ्यांत जास्त विश्वास कशावर ठेवला असेल तर तो त्या पडद्यावर.

आमच्या घरात कुणी सांगतच नाही, असं तिच्या मनात आलं, आणि तो राग जुना होता, आजचा नव्हता. लहानपणी ती सायकलवरून पडली होती आणि मनगट मोडलेलं असताना डाव्या हातानं जेवून उठली होती. सकाळी हात दुधीभोपळ्याएवढा झाला तेव्हा आईला दिसलं. आई ओरडली नाही. आई म्हणाली, "शहाणी आहेस, रडली नाहीस." त्या 'शहाणी'ची चव अजून तिच्या जिभेवर होती. आणि मग त्याच शहाण्या आईनं पोटातलं दुखणं अंगावर काढलं, काढलं, काढलं, आणि शेवटी माणसांच्या दवाखान्यात कुणीतरी असाच प्रोब तिच्या पोटावर ठेवला तेव्हा त्या बाईचा चेहराही कोरा होता. अजून बघतेय, असं ती बाई म्हणाली होती. आई गेल्यावर ती बाबांवर चिडून म्हणाली होती, मला का नाही सांगितलं, मी डॉक्टर आहे ना. तेव्हा बाबा म्हणाले होते, "तू जनावरांची." त्यात कुचका शब्द नव्हता, त्यांनी आपलं सरळ सांगितलं होतं. पण ते तिला लागलं, आणि मग तिनंही सांगितलं नाही की लागलं.

मुकादमला पुसून खाली ठेवलं. मावशींनी दिवा लावला. उजेडात खोली एकदम साधी झाली, कपाट, बेसिन, कापसाचं भांडं, स्टुलावर बसलेले बाबा. दिव्याच्या उजेडात बाबांचा रंग तिला बरा वाटला नाही. वर्षभर सगळे म्हणत होते, बाबा भरले हो अंगानं, चेहरा कसा गोल झालाय, आईच्या मागं तब्येत सांभाळली. तीही म्हणत होती. आता त्या गोल चेहऱ्यावर घामाचे बारीक थेंब होते, आणि खोलीत तर गारवा होता. हातावर जांभळे डाग होते. मुकादमच्या नख्या लागतात, असं ते म्हणायचे.

मुकादम लटपटत उभा राहिला. चार पावलं चालून बाबांपाशी गेला, आणि त्यानं नाक बाबांच्या पँटच्या खाली घातलं, मोज्याच्या वर, नडगीला, आणि चाटायला लागला. दोनदा, तीनदा चाटलं. थांबला. वास घेतला. मग मान वर करून त्यानं बाबांकडे बघितलं, रिकामी वाटी दिल्यावर बघतात तसं. बाबांनी झटकन पाय मागं घेतला.

किती संध्याकाळी तिनं हे बघितलं होतं. ती जायची तेव्हा बाबा गॅलरीतल्या खुर्चीत बसलेले असायचे, मुकादम त्यांच्या पायाशी, आणि चाटणं चालू. मन लावून, डोळे मिटून. "बघ, कशी माया करतो," बाबा म्हणायचे. "तुम्ही पोरांनी कधी पाय चेपले नाहीत." ती हसायची, मोबाइल बघायची, चहा टाकायची. तिच्या मनात यायचं, बरं आहे, बाबांना सोबत आहे, आणि या वाक्यावर हात पुसून ती आपल्या घरी जायची. आपल्या बापाचे पाय आपण शेवटचे कधी बघितले, हे तिला आठवेना. चप्पल आठवत होती, काळी, अंगठ्याची. पाय आठवत नव्हते.

ती बाबांसमोर फरशीवर बसली. "मोजे काढा," ती म्हणाली.

"आता हे काय? मोजे कशाला? वास येतो त्यांना."

"बाबा, मोजे काढा."

"मावशी आहेत इथं," बाबा खालच्या आवाजात म्हणाले. मावशी आपण होऊन, खालच्या डॉक्टरांना बोलावते म्हणत बाहेर गेल्या. बाबांनी दोन्ही गुडघ्यांवर हात दाबून धरले, पँट कुणी पळवणार असल्यासारखे. तिनं ते हात उचलून बाजूला ठेवले. हात ओले आणि गार होते, आणि त्यांनी जोर केला नाही. तिनं मोजा खाली केला, पँट वर सरकवली. नडगीवरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. तिच्यातून शिरा दिसत होत्या. लाल खवल्यांचे मोठे मोठे पट्टे, त्यांच्यामध्ये जांभळे डाग, आणि घोट्याच्या वर एक जखम, जी कधीपासूनची होती कोण जाणे. दुसरा पायही तसाच. तिनं आयुष्यात कुजलेले पंजे बघितले होते, किडे पडलेले कान बघितले होते, आणि त्या वेळी तिला कधी काही वाटलं नव्हतं. आता तिला रडू आलं आणि ते तिनं गिळलं नाही.

"कधीपासून?"

"आईच्या आजारपणात सुरू झालं," बाबा म्हणाले. "तेव्हा कुठं सांगत बसू? खाज सुटायची. दुकानातल्यानं मलम दिलं. फार गुणी मलम, दोन दिवसांत पाय लोण्यासारखा. मग पुन्हा यायचं. मग जास्त लावायचं. मग त्यानंच गोळीही दिली, एवढीशी, पांढरी. ती घेतली की अंगात वारं भरायचं बघ. मुकादम चाटायचा त्याला मी काय करू? मला वाटायचं, त्याच्या जिभेनं बरं वाटतं."

"रोज घेत होता गोळी?"

"घेत होतो. आता बंद केली."

"बंद?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "कधी बंद केली?"

"ते ऑपरेशनवाल्यांनी विचारलं ना, काही औषधं चालू आहेत का. माझ्या तोंडून निघून गेलं, काही नाही. घरी येऊन मला चैन पडेना. आयुष्यात कुणाला खोटं सांगितलं नाही. आठवडा झाला, सगळं कचऱ्यात टाकलं. गोळीही, मलमही. म्हटलं, आता झालं खरं." आणि बाबा किंचित हसले, हिशेब जुळवल्यासारखे. "बोललो होतो खोटं, ते खरं करून टाकलं."

तिला बसल्या जागी सगळं दिसलं, कसलाच पडदा नसताना. आठवडा. मुकादमचं खाणं सुटल्याचा आठवडा आणि बाबांचं सुटल्याचा आठवडा एकच. दोघंही स्टेरॉइडच्या एकाच नळावर होते, बाबा गोळी-मलमावर आणि मुकादम बाबांच्या पायांवरच्या मलमावर, आणि बाबांनी इमानदारीत नळ बंद केला होता. बाबांच्याही पोटात, मूत्रपिंडांच्या शेजारी, तसेच दोन वाळलेले दोरे असणार. नुसतं बसून राहण्यापुरतंही रसायन आता त्यांच्या अंगात नव्हतं, आणि उद्या सकाळी त्यांना भूल देऊन कोणी पोट उघडणार होतं. कागदावर लिहिलेलं असणार: औषधं नाहीत. रक्तदाब खाली जाईल. ते औषधं देतील, तो चढणार नाही. तो का चढत नाही हे तिथं कुणालाच कळणार नाही. आणि ती बाहेर बाकड्यावर दादाशेजारी बसलेली असेल, मुकादमच्या यकृताबद्दल बोलत. मघाशी पाच मिनिटांपूर्वी ती याच माणसाला खोटारडा ठरवत होती, कुत्र्यासाठी. तिला स्वतःची लाज वाटली, पण लाज वाटून घ्यायलाही सवड नव्हती, कारण बाबा म्हणाले, "जरा भिंतीला टेकतो," आणि टेकता टेकता स्टुलावरून घसरले.

तिनं त्यांना फरशीवर निजवलं, पाय उचलून फोमच्या खोबणीवर ठेवले, मुकादमच्या. नाडी सापडायला वेळ लागला; सापडली ती बारीक आणि पळत सुटलेली. बाबा जागे होते. मुकादम येऊन त्यांच्या कुशीत पडला, त्यालाही उभं राहवत नव्हतं. खालचा डॉक्टर जिना चढून धापा टाकत आला, दारातच थांबला, आणि कुणाकडे आधी बघावं ते त्याला कळेना. ती ऑपरेशनच्या डॉक्टरांना फोन लावत होती. लागला. तिनं एका दमात सांगितलं, तोडून तोडून, मधेच कुत्रा आला, मधेच मलम आलं. पलीकडचा माणूस मात्र शहाणा होता, त्यानं 'कुत्रा कशाला' असं विचारलं नाही.

"तुमच्याकडे हायड्रोकॉर्टिसोन आहे का?" तो म्हणाला. ग्रंथींनी करायचं सोडलेलं तेच रसायन, बाटलीतलं.

"आहे. पण कुत्र्यांसाठी ठेवलेलं."

"बाटली माणसांचीच असते ती. मी सांगतो तेवढं शिरेतून द्या. आत्ता. सलाइन लावा. गाडी निघतेय इथून. उद्याचं रद्द." मग तो थांबला. "ताई, देता येईल ना तुम्हाला? हात स्थिर आहे?"

"आहे," ती म्हणाली. नव्हता.

खालच्या डॉक्टरानं कपाटातून बाटल्या काढल्या. एक सिरिंज मुकादमसाठी भरली, एक तिच्या हातात दिली. माणसाची शीर कुत्र्याच्या शिरेपेक्षा सोपी, असं ती विद्यार्थ्यांना सांगायची. मोठी असते, आणि माणूस चावत नाही. बाबांच्या हाताला तिनं पट्टा बांधला. कातडी एवढी पातळ की पट्ट्यानंच डाग उठला. शीर वर आली नाही. तिनं दोन बोटांनी चोळली, हातावर थापट्या मारल्या, खाली वाकून बघितलं. बाबा तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिचा चेहरा आता कोरा नव्हता, डोळे गळत होते, नाक गळत होतं, आणि तिला ते पुसायला हात मोकळा नव्हता. एवढ्या जवळून त्यांनी तिला कधी असं बघितलं नसेल.

"जनावरांची आहे मी, बाबा," ती म्हणाली. "चालेल ना?"

बाबांनी मान हलवली. शीर निळी होऊन वर आली. तिनं स्पिरिटचा बोळा फिरवला, सुईचं टोपण काढलं. बाबांनी सुई बघितली, आणि मग त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की तो त्यांचा आहे हे खालच्या डॉक्टरालाही पटलं नसावं, बारीक, पोरकट.

"दुखेल का गं?"

तिच्या तोंडाशी 'नाही' आलं होतं. तिनं ते येऊ दिलं नाही.

"हो, बाबा. दुखेल."

"मग हळू टोच," बाबा म्हणाले, आणि त्यांनी मान पलीकडे वळवून दुसऱ्या हातानं तिची बाही घट्ट धरली.